घरात धडधाकट बाई आहे ना!

सरकारी कागदावरचे काही शब्द दिसायला साधे असतात, पण त्यांच्या आत एखाद्या बाईचं अख्खं आयुष्य दडपलेलं असतं. 'धडधाकट' हा असाच एक शब्द. २०११ साली देशभर सामाजिक, आर्थिक व जात पाहणी झाली. कोणतं कुटुंब किती वंचित, हे ठरवायला तिच्यात काही निकष घेतले होते. त्यातला एक असा : ज्या घरात अपंग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ माणूस नाही, ते घर वंचित. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेची ग्रामीण घरकुलं वाटताना, कच्च्या घरांच्या यादीत कोण वर आणि कोण खाली हे लावायला हाच निकष वापरला गेला.

आता हे वाक्य उलटं करून वाचा. घरात अपंग मूल आहे, पण त्याची आई आपल्या पायांवर उभी आहे. मग त्या मुलाच्या अपंगत्वाचा एकही गुण त्या घराच्या पारड्यात पडत नाही. मुलाचं अपंगत्व आणि आईचं धडधाकटपण यांची वजाबाकी होते आणि बाकी उरते शून्य. जे मूल बसू शकत नाही, बोलू शकत नाही, ज्याला घास भरवावा लागतो, ज्याला झटके येतात, ज्याचं शी-शू सगळं दुसऱ्याने करावं लागतं, ते मूल यादीपुरतं नाहीसं होतं. कारण घरात धडधाकट बाई आहे ना!

बाप धडधाकट असला तरी नियम हाच, हे मला माहीत आहे. पण दिवसभर घरी थांबतो कोण, हेही तुम्हाला माहीत आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरातल्या माणसांची देखभाल करणारी बाई त्या कामाला दिवसाची १३७ मिनिटं देते आणि पुरुष ७५. अशा मुलाच्या आईने हे आकडे वाचले तर ती हसेल. १३७ मिनिटं तर तिची सकाळी दहाच्या आतच संपलेली असतात.

मी देऊळघाटला राहते. बुलढाण्याजवळचं, पैनगंगेच्या काठचं हे मोठं गाव. माझी लेक चौदा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, सोबत झटके आहेत आणि नजरही अधू आहे. कायद्याच्या भाषेत ती बहुविकलांग. आमचं घर एका खोलीचं, वर टिन. उन्हाळ्यात टिन तापलं की तिचे झटके वाढतात, पावसाळ्यात ओल चढली की छाती भरते. घरकुलासाठी मी एका कार्यालयात चौकशी केली, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही धडधाकट आहात ना? मग हा रकाना तुम्हाला लागत नाही." तो उद्धट नव्हता. त्याने नियम वाचून दाखवला, एवढंच. म्हणूनच माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्या नियमाशी आहे.

चार भिंती म्हणजे घर नव्हे

घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. म्हणजे साधारण २७० चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट भागात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्या बाजूने ५० हजारांची भर जाहीर केली आणि त्यातला एक भाग छतावरच्या सौर संचासाठी राखला. सूर्याची वीज घरावर यावी, हे चांगलंच आहे. पण छतासाठी वेगळे पैसे काढून ठेवता येतात, तर उंबऱ्यासाठी का येऊ नयेत?

हिशेब करून पाहू. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं किमान दोन फूट उचलावं लागतं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा, तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे सर्वमान्य प्रमाण. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट उतार हवा. तो वळवून घेतला तरी घरापुढे तेवढं अंगण पाहिजे. खुर्ची जागच्या जागी फिरवायची, तर दीड मीटर मोकळी जागा पाहिजे. दार तीन फुटांचं पाहिजे. आता आपल्या गावोगावची संडासं डोळ्यांपुढे आणा. शौचालयासाठी बारा हजार मिळाले, त्यात जेमतेम एक माणूस उकिडवा बसेल एवढी खोली झाली. माझी लेक उकिडवी बसू शकत नाही. तिला धरून बसवायचं, तर आत दोघींना जागा हवी, खुर्चीसारखं भांडं हवं, भिंतीला दांडी हवी. हे नसलं म्हणजे काय होतं? तिला फडक्यावर निजवून सगळं करायचं आणि नंतर ते धुवायचं. धुवायला पाणी कोण आणतं, हे सांगायला नकोच.

आणखी एक गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. जोतं झालं की फोटो, लिंटलपर्यंत आलं की फोटो, मग पुढचा हप्ता. बहुतेकांकडे जागा एकच, तिच्यावर जुनं घर उभं. ते पाडल्याशिवाय नवं बांधता येत नाही. तोवर कुटुंब ताडपत्रीखाली. धडधाकट लेकरं असतील तर चार-सहा महिने निघतात. पण ज्या मुलाला थंडी लागली की न्यूमोनिया होतो, ज्याच्या अंगावरची माशीसुद्धा दुसऱ्याने हाकलावी लागते, त्याला ताडपत्रीखाली कसं ठेवायचं? त्या काळातलं भाडं योजनेत धरलेलं नाही. एका मैत्रिणीचं नाव यादीत आलं, तरी ती घर पाडायला धजेना. तिचा मुलगा बारा वर्षांचा आहे. ती मला म्हणाली, "पोरगं वजनानं वाढून रायलं अन् मी वयानं. कदी तरी हे गनित चुकनारच ना व बाई."

तिच्या बोलण्यातच सगळा प्रश्न आहे. पाच वर्षांचं मूल कडेवर घेता येतं. पंधरा वर्षांचं येत नाही. आईची कंबर जाते, मग पाठ जाते, मग अंग बाहेर येतं. गर्भाशय सरकलेल्या अशा किती आया मी पाहिल्या आहेत. त्या दवाखान्यात जातात तेव्हा डॉक्टर सांगतात, जड उचलू नका. अहो, जड म्हणजे तिचं लेकरू आहे! सरकारने उतार बांधला नाही, रुंद दार दिलं नाही, न्हाणीघर दिलं नाही. त्या सगळ्याच्या जागी आईची पाठ वापरली. आणि पाठ मोडेपर्यंत तिला धडधाकट म्हणून नोंदवलं.

कायदा आहे, पण

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. तो प्रत्येक गटाने वाचायला हवा. कलम ३७ म्हणतं, घरांच्या सर्व योजनांत लाक्षणिक अपंगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, असलेल्यांना ५ टक्के आरक्षण आणि त्यातही अशा स्त्रियांना प्राधान्य. कलम २४ त्याहून पुढे जातं. अपंग व्यक्तीला पुरेसं राहणीमान मिळावं म्हणून सरकारने सामाजिक सुरक्षेच्या योजना कराव्यात आणि इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा त्यातली मदत किमान २५ टक्के जास्त असावी. याच कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ताही सांगितला आहे.

२५ टक्के जास्त म्हणजे किती? १ लाख २० हजारांचे दीड लाख. वरचे ३० हजार म्हणजे उतार, रुंद दार, दोघींना मावेल असं न्हाणीघर, भिंतीची दांडी. कोणी म्हणेल, कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे, घरकुलाचं नाही. मी विचारते, डोक्यावरचं छप्पर हा राहणीमानाचा भाग नसेल, तर राहणीमान म्हणजे नेमकं काय? बापूंच्या फोटोखाली खुर्चीत बसवून दिलेली एक चादर?

देखभालीच्या भत्त्याचं म्हणाल, तर माझ्या ओळखीतल्या एकाही आईच्या हाती तो पडलेला नाही. केरळने २०१० मध्ये 'आश्वासकिरणम' नावाने अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना भत्ता सुरू केला. पुढे तो महिना ६०० रुपये झाला. रक्कम तुटपुंजी आहे आणि थकतही आली आहे. पण तिथल्या सरकारने एक गोष्ट मान्य केली, की हे काम आहे आणि ते कोणीतरी करतं. आपल्याकडे संजय गांधी निराधार योजनेतून अपंगांना मिळणारं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार करण्याचा निर्णय झाला. तो मुलाच्या औषधात आणि लंगोटात जातो. २०२४ पासून राज्याने आम्हाला लाडकी बहीण म्हटलं. बहीण म्हणून ओवाळणी घातली, ठीक. पण सरकारचं काम फुकट करणारी म्हणून आमची नोंद कुठे आहे?

आपल्या मुलांना आता 'दिव्यांग' म्हणतात. राज्यात २०२२ मध्ये वेगळा दिव्यांग कल्याण विभागही झाला. नाव दिव्य झालं, उंबरा तेवढाच उंच राहिला.

घर कोणाच्या नावावर?

हा प्रश्न आपल्या चळवळीचा जुना प्रश्न. घरावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण किती मोर्चे काढले. घरकुल नवरा-बायको दोघांच्या किंवा एकट्या बाईच्या नावे करण्याची तरतूद आज आहे, ती त्यातूनच आली. पण त्याच सूचनांत एक ओळ आहे : निवड अपंगांच्या कोट्यातून झाली असेल, तर घर त्या अपंग व्यक्तीच्याच नावे. मोठ्या अपंग माणसासाठी, आणि विशेषतः अपंग बाईसाठी, ही ओळ मोलाची आहे. तिला कोणी घराबाहेर काढू नये. पण मूल नऊ वर्षांचं असेल तर? त्याच्या वतीने सही कोणाची?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. मुसलमानांच्या वैयक्तिक कायद्यातही मालमत्तेचा पालक बापच. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'नंतर' म्हणजे बाप मेल्यानंतरच असं नाही. बाप मुलाची जबाबदारी घेतच नसेल, तर आई पालक ठरू शकते. पण तालुक्याच्या खिडकीपाशी हा निकाल कोण वाचून दाखवणार? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग बापाचं, असा नियम महाराष्ट्राने केला. बाळाच्या नावात आई पुढे आली. घराच्या कागदावर ती अजून सहीच्या रांगेत मागे उभी आहे.

आणि ज्या बाईला अशा मुलापायी टाकून दिलं जातं, तिचं काय? "तुझ्याच घराण्यात काहीतरी असेल", "तुझ्याच पायगुणानं" हे ऐकून तीन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आलेल्या बाया आपल्या प्रत्येकीच्या गावात आहेत. हिंदूंच्या आहेत, मुसलमानांच्या आहेत, बौद्धांच्या आहेत. यात कोणी मागे नाही. अशी बाई भावाच्या ओसरीवर राहते. रेशनकार्डावर तिचं नाव एक तर सासरी किंवा भावाच्या कार्डावर. म्हणजे तिचं स्वतंत्र कुटुंब नाही. कमावत्या वयाचा पुरुष नसलेल्या बाईच्या घराला निकषांत गुण आहेत, पण ती भावाच्या घरात मोजली गेल्यामुळे तेही गेले. जागा विकत घ्यायला पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, पण ती घरकुलाच्या यादीत नाव असलेल्यांसाठी. यादीत नाव नाही म्हणून जागा नाही, आणि घर मागायला गेलं की पहिला प्रश्न : जागा आहे का? ही चक्की कोणी मुद्दाम बसवली असेल असं नाही. पण दळली जाते ती तीच.

लोक म्हणतात त्याला उत्तर

पहिलं म्हणणं असं, की गावात इतके गरीब आहेत, तुम्हालाच वेगळं का? आम्ही कोणाचं घर काढून मागत नाही. घर नसलेल्या प्रत्येकाला घर मिळावं, हीच मागणी. पण सारख्या पैशात सारखं घर मिळत नाही. ज्या घरात माझी लेक उंबऱ्याच्या आतच कोंडली जाते, ते तिच्यासाठी घर नाही, ती कोठडी आहे.

दुसरं म्हणणं, पैसा कुठून आणायचा? पैसा आपल्या पायाखाली आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे आहेत. जिल्हा परिषदेलाही ५ टक्क्यांचं बंधन आहे. बऱ्याच गावांत हा पैसा वर्षाअखेर थोडा थोडा वाटून टाकतात किंवा पडून राहतो. त्यातून दर वर्षी दोन घरांचे उतार आणि न्हाणीघरं केली, तर पाच वर्षांत गावातली दहा घरं होतात. इंग्लंडमध्ये घरात असे बदल करायला कायद्याने बंधनकारक अनुदान आहे. तिथे अपंग मुलांसाठीच्या अर्जात आईबापांचं उत्पन्न पाहणं २००५ च्या अखेरीस बंद केलं. तो श्रीमंत देश आहे, त्यांची रक्कम मी मागत नाही. मी त्यांचं तत्त्व मागते : मुलाची गरज मुलाकडे पाहून मोजायची, आई किती काम ओढते ते पाहून नाही.

तिसरं म्हणणं सगळ्यात गोड आवाजात येतं. "अशा मुलांना संस्थेत का नाही ठेवत? तुमचीही सुटका होईल." मैत्रिणींनो, शिरूर आठवतं ना? १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीच्या वेळी त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही. राज्यभरच्या स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा ते थांबलं. आपण तेव्हा विचारलं होतं, की मुलींना पाणी, कापड आणि मदतीला बाई द्यायच्या ऐवजी सुरी का दिली? आज माझी लेक पाळीच्या वयात आली आहे. आडोसा असलेलं न्हाणीघर नसल्यामुळे मी तिला खोलीतच चादर धरून धुते, आणि शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले आहेत : "पिशवी काढून टाका, झंझट मिटंल." १९९४ मध्ये जे सरकारी संस्थेत झालं, ते आज घराघरांत गुपचूप होऊ शकतं, कारण एक न्हाणीघर नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम ९ सांगतं, अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडू नये. तोडायचं नसेल, तर जिथे ते राहायचं ती जागा राहण्यालायक करा.

आपण काय करायचं

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक : बहुविकलांग मूल ज्या घरात आहे, त्या घराला घरकुलाच्या क्रमवारीत त्या मुलामुळे गुण मिळालेच पाहिजेत, घरात धडधाकट आई असो वा नसो. दोन : कलम २४ प्रमाणे २५ टक्के वाढीव रक्कम उतार, दार आणि न्हाणीघरासाठी, पहिल्या हप्त्याबरोबरच, आणि बांधकाम चालू असेपर्यंतचं घरभाडं. तीन : घर मुलाच्या नावे होत असेल, तर सोबत आईचं नाव, टाकलेल्या बाईला वेगळ्या रेशनकार्डाची अट न घालता स्वतंत्र कुटुंब म्हणून धरावं. चार : देखभालीचा भत्ता, करणाऱ्याच्या हातात.

यासाठी मुंबईची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं महाराष्ट्रात कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली जी पुढे येईल तिच्या आधीच्या महिला सभेत तीन गोष्टी लिहून द्या आणि पोच घ्या. गावात बहुविकलांग मुलं किती आणि त्यातल्या कितींना घरकुल मिळालं? ५ टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कशावर खर्च झाला? वाढीव २५ टक्क्यांसाठी ग्रामसभेचा ठराव होणार का? उत्तर मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. ज्यांची मुलं अठराची झाली, त्यांनी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करून ठेवा, नाहीतर पुढे एकही कागद हलणार नाही.

आणि शेवटची विनंती तुमच्या गटाला. या आया तुमच्या बैठकीला येत नाहीत, कारण त्यांना घर सोडता येत नाही. झटके येणाऱ्या मुलाला कोणाच्या भरवशावर सोडणार? म्हणून पुढची बैठक अशा एखादीच्या ओसरीवर घ्या. जाताना मोजपट्टी घेऊन जा. दार किती, जोतं किती, संडास किती, हे मोजा आणि वहीत लिहा. मूल किती किलोचं आहे आणि आई दिवसातून ते किती वेळा उचलते, हेही लिहा. अशा पंचवीस घरांचे आकडे तालुक्याच्या टेबलावर ठेवले, की धडधाकट कोण आणि पांगळं कोण, याचा नव्याने विचार करावा लागेल. तो आपण करायला लावू.